ज्याची अट, त्याच्या तोंडून

माझं नाव बाबांनी करुणा ठेवलं. ‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण तुझ्यासाठीच निघाली, असं आई म्हणायची, आणि म्हणताना तिला थोडा अभिमानही वाटायचा हे मला कळायचं. क्षमेवरची प्रवचनं मी आयुष्यात पुष्कळ ऐकली. विहारात पहिल्या ओळीत बसून मान डोलावली, आणि घरी आल्यावर ज्याच्यावर डूख धरला होता त्याच्यावर तो तसाच धरून ठेवला. आता गुडघे कुरकुरतात, भाजीत मीठ घातलं की नाही हे आठवत नाही, पण शंकर नगरच्या साहेबांनी आमच्या पुढच्या खोलीत बसून जो इंग्रजी शब्द उच्चारला, तो कोणत्या सुरात उच्चारला आणि उच्चारताना त्यांच्या तोंडात काय होतं, हे मी आजही सांगू शकते. शब्द होता स्टिप्युलेशन आणि तोंडात होती माझ्या आईच्या हातची सांभारवडी. पुढं नोकरीभर मी पोरांना इंग्रजी शिकवलं. शब्द घेतला की आधी अर्थ, मग वापर, मग उदाहरण, अशी माझी पद्धत होती. या एका शब्दाला मात्र मी वर्गात पुस्तकातलंच उदाहरण दिलं. माझ्याजवळचं उदाहरण पोरांच्या वहीत मावणारं नव्हतं. ते इथं देते.

आम्ही रायपुरात, उरल्याच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या पाऱ्यात राहायचो. पारा म्हणजे वस्ती. हा शब्द आम्ही छत्तीसगढी शेजाऱ्यांकडून घेतला तो परत केलाच नाही. भंडारा-गोंदियाकडून कामाच्या शोधात आलेली आमची घरं एका ओळीत होती, ओळीच्या टोकाला छोटं विहार, आणि पलीकडं दिवसरात्र ट्रकांची रांग. आई दोरीवर पांढरी साडी वाळत घालायची आणि काढताना ती राखाडी झालेली असायची. घड्याळ आमच्याकडं होतं, पण घर चालायचं मिलच्या भोंग्यावर. भोंगा वाजला की लाखोळीच्या वरणाला फोडणी बसायची, कारण त्यानंतर बाबांची सायकल यायला जितका वेळ लागे तितकाच वेळ भाकरी फुगायला लागायचा. बाबा आले की घरात जळक्या लोखंडाचा वास शिरायचा. मला तो वास इतका घरचा वाटायचा की ज्यांच्या बापाला तो येत नाही त्यांची घरं मला कच्ची वाटत.

बाबा रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळ काम करत. मी लहान असताना एकदा तापलेली लालबुंद सळई यंत्राच्या रुळांमधून निसटून उसळली आणि त्यांच्या डाव्या गालावरून कानापर्यंत गेली. जीव वाचला. गाल मात्र आखडला, कानाची पाळी सुकल्या पानासारखी वळली आणि डावी पापणी कायमची खाली ओढली गेली. त्या बाजूला दाढी उगवत नसे. “एक पत्ती दुप्पट दिवस चालते माही,” असं बाबा आरशापुढं म्हणायचे, आणि आम्ही हसायचो. पण चारचौघांत गेले की ते अशी जागा बघून बसत की डावी बाजू भिंतीकडं जाईल. लग्नात, विहारात, बसमध्येसुद्धा. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही त्यांच्यासाठी भिंतीकडची जागा न बोलता सोडायचो. माझ्या ताईनं, विशाखानं, शाळकरी वयात त्या गालाची पट्टी रोज बदलली. त्यातूनच ती नर्स झाली आणि सरकारी दवाखान्यात लागली. तिचा पांढरा युनिफॉर्म आई खोलीच्या आत वाळवायची, धुळीला हातसुद्धा लावू द्यायची नाही.

ताईच्या वॉर्डात मिलिंदची आई भरती होती. मिलिंद डबा घेऊन यायचा आणि डबा रिकामा झाल्यावरही बसून राहायचा. आई बरी होऊन घरी गेली तरी त्याचं दवाखान्यात येणं थांबलं नाही, तेव्हा काय ते सगळ्यांना समजलं. मुलगा सरकारी खात्यात इंजिनिअर, स्वभावानं मऊ, आपल्यातलाच. ताई घरी आली की उगाच भांडी घासायला बसायची आणि गुणगुणायची. अडचण एकच होती. मिलिंदला वडील नव्हते. त्याला वाढवलं होतं मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेब आमच्याच पाऱ्यात लहानाचे मोठे झालेले. शिकले, मोठ्या हुद्द्यावर गेले, शंकर नगरात बंगला बांधला आणि त्यानंतर त्यांना पाऱ्याचा रस्ता सापडेनासा झाला. पण त्यांच्या होकाराशिवाय मिलिंदच्या घरात पान हलत नव्हतं.

ते ताईला बघायला आले त्या दिवशी आईनं सकाळपासून सांभार निवडला होता. सांभार म्हणजे कोथिंबीर. खोबरं, खसखस घालून त्याची वडी करायची आणि गरम गरम कढीबरोबर द्यायची, हे आमच्याकडचं सर्वांत मोठं आदरातिथ्य. साहेब सफारी सूट घालून आले, खुर्चीवर बसण्याआधी रुमालानं खुर्ची झटकली. आईनं ते पाहिलं आणि ती कढी गरम करायला आत गेली. मी ताट घेऊन उभी होते.

“देखिए,” साहेब म्हणाले, “डिमांड आमची एकही नाही. हुंड्याच्या मी सख्त विरोधात आहे, सभांमधून बोलतो त्यावर. फक्त काही स्टिप्युलेशन्स आहेत.”

बाबांनी मान हलवली. “हव, साहेब.”

पहिलं त्यांनी सगळ्यांसमोर मराठीत सांगितलं. मुलीनं नोकरी सोडायची. नाइट ड्यूटी करणारी सून त्यांच्या घराण्यात नको. ताईचा चेहरा उतरला, पण तिनं मिलिंदकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मग साहेबच म्हणाले, मुलामुलीला अंगणात दोन शब्द बोलू द्या. मिलिंद आणि ताई बाहेर गेले, मिलिंदची आई आमच्या आईबरोबर स्वयंपाकघरात गेली. खोलीत साहेब, बाबा आणि ताट घेऊन मी. फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची पोरगी म्हणजे साहेबांच्या लेखी टेबल-खुर्चीच.

“द सेकंड स्टिप्युलेशन इज अ डेलिकेट वन,” ते इंग्रजीत बोलू लागले. “रिसेप्शन माझ्या बंगल्यावर होईल. माय सीनिअर्स विल कम विथ देअर फॅमिलीज. द ब्राइड्स फादर नीड नॉट बी प्रेझेंट.” आणि आपल्या डाव्या गालावरून त्यांनी एक बोट अलगद कानापर्यंत नेलं. “यू फॉलो?”

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. बोट समजलं.

“हव, साहेब,” ते म्हणाले.

“व्हेरी गुड.” साहेबांनी माझ्या हातातल्या ताटातली आणखी एक वडी उचलली. “वडी फर्स्ट क्लास झाली आहे हां.”

ती वडी त्यांच्या घशात अडकावी असं मला वाटलं. अजूनही, कुठं सांभारवडीचं ताट पाहिलं की ते तोंड हलताना दिसतं. गेल्या दिवाळीत ताईच्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मौसी, छोड़ो ना, वो तो कब के चल बसे.” चल बसे म्हणून काय झालं? माणूस मेला की त्यानं खाल्लेली वडी परत येते का?

पाहुणे गेल्यावर बाबा मला विहिरीकडं घेऊन गेले. आमच्याकडं कुणाला काही गुपचूप सांगायचं असलं की विहिरीवरच जायचं, कारण रहाटाच्या कुरकुरीत आवाज दबतो.

“तुले समजलं न ते काय म्हणले ते?”

“हव.”

“विशाखाले सांगू नको. तुह्या आईलेही नको.”

“काहून नको, बाबा?”

“लग्न मोडन. पोट्टा चांगला हाये, पोरगी खूश हाये. एका संध्याकाळची तर गोष्ट हाये. माही सेकंड शिफ्ट लागली त्या दिवशी, सुट्टी नाई भेटली, असं सांगू.” ते बहाणा आधीच ठरवून मोकळे झाले होते. मग बादली ओढता ओढता, जसं काही विशेष नाही असं, त्यांनी विचारलं, “तो एक शब्द ते घडीघडी म्हणून राहिले होते. त्याचा अर्थ काय व?”

मला तो शब्द येत नव्हता. बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं की कुणाला सांगणार नाही, आणि मी ते दिलं. त्या रात्री मी जेवले नाही. पोट दुखतं म्हटलं. 

शाळेच्या लायब्ररीत जाडजूड इंग्रजी-हिंदी डिक्शनरी होती. तिच्यात शब्दापुढं ‘शर्त’ एवढंच लिहिलेलं. त्यानं माझं भागलं नाही. शर्त तर आम्ही बोरं कोण जास्त खातं यावरही लावायचो. मग मी इंग्रजीच्या मॅडमना गाठलं. मॅडम केरळच्या, पण बरीच वर्षं रायपुरात राहून त्यांची हिंदी खणखणीत झाली होती. त्यांनी आधी विचारलं, शब्द कुठं ऐकलास? मी म्हटलं, एका घरी. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे समजावलं. डिमांड म्हणजे मागणी, ती एकाच बाजूची असते, मागणाऱ्याची. रिक्वेस्ट म्हणजे विनंती, समोरचा नाही म्हणू शकतो. पण दोन बाजू करार करतात, आणि त्यात एखादी अट बोलून, स्पष्टपणे, दोघांच्या देखत घातली जाते, जिच्यावाचून करार उभा राहत नाही, ती स्टिप्युलेशन. एकानं घातली तर दुसऱ्यालाही घालता येते.

“और अगर कोई छुपाके रखे, मॅडम? सिर्फ एक आदमी के कान में बोले?”

“तो वो स्टिप्युलेशन नहीं है बेटा,” मॅडम म्हणाल्या, “वो बदमाशी है.”

घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. कारण मॅडमनी सांगितलेलं सगळं मी आधीही ऐकलेलं होतं, फक्त मराठीत. आमच्या पाऱ्यात जुनी पद्धत होती. कोणे एके काळी मध्यस्थांनी इकडं एक आणि तिकडं एक सांगून एक लग्न नासवलं होतं, तेव्हा म्हाताऱ्यांनी ठरवलं की साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी विहारात सगळ्यांसमोर अटी उघड करायच्या. त्याला ‘बोल उघडणं’ म्हणत. ज्याची अट त्यानंच सांगायची, स्वतःच्या तोंडानं, आपल्या बोलीत. ऐकणाऱ्या बाजूला उलट बोल घालायचा हक्क. आणि सगळे बोल उघडेपर्यंत कुणी शरबताच्या ग्लासला हात लावायचा नाही. हल्ली हे नावापुरतं उरलं होतं. कुणीतरी ‘सगळं ठरलं’ म्हणायचं आणि लोक ग्लास उचलायचे. साहेब तर पाऱ्याबरोबर पाऱ्याची पद्धतही विसरले असणार. मी बाबांना वचन दिलं होतं की मी सांगणार नाही. मी सांगणारच नव्हते. सांगणार होते साहेब.

त्यासाठी एकच माणूस उपयोगाचा होता. दादाजी. विहाराचे सर्वांत जुने पंच, कानानं जवळजवळ बहिरे, म्हणून आताशा त्यांचा मुलगाच सगळं उरकायचा. मी त्यांच्या खाटेशी गेले आणि त्यांच्या कानाशी ओरडले, “दादाजी, ताईच्या साक्षगंधाले बोल तुम्हीच उघडजा. जुन्या पद्धतीनं.”

म्हातारा उठून बसला. “मले कोण विचारते आता?”

“मी विचारून राहिली न.”

“येतो,” ते म्हणाले. “काठी शोधून ठेव माही.”

साक्षगंधापर्यंतचे दिवस मी असे काढले जसे कुणी दूध आटवतं. मंद आचेवर, सारखं ढवळत. विहार मी झाडलं, सतरंज्या मी झटकल्या, शरबताचे ग्लास मी मांडले. बाबा सायकल पुसता पुसता बहाण्याची तालीम करत, एकदा मी ऐकलं, ते सायकललाच सांगत होते, “सेकंड शिफ्ट लागली न, काय करतो?” ते ऐकून माझी आच आणखी वाढली. ताई मात्र खूश होती, आणि युनिफॉर्म घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवताना तेवढी रडली.

साक्षगंधाच्या दिवशी विहारात वंदना झाली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये गुलाबी शरबताचे ग्लास. बाबा नेहमीप्रमाणे डावी बाजू भिंतीला लावून. साहेब पुढं खुर्चीवर, कारण त्यांना मांडी घालता येत नव्हती. दादाजी काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, “चला, बोल उघडा. पोराकडच्याइनं आधी.”

साहेब बसल्या बसल्याच म्हणाले, “सगळं ठरलेलं आहे. मुलगी नोकरी सोडेल, बाकी सब मामूली. घ्या, शरबत घ्या.”

दोन-चार हात ग्लासांकडं गेले. मी उभी राहिले. 

“दादाजी,” मी ओरडले, “साहेबाइची दुसरी बी अट हाये. ते उघडायची राहिली.”

बाबांनी झटकन माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलंच नाही.

“हाये का रे बाळ्या?” दादाजींनी विचारलं. साहेबांना लहानपणी पाऱ्यात बाळ्या म्हणत हे आम्हा पोरांना तेव्हा कळलं. सतरंजीवर कुठंतरी कुणी खुदकन हसलं.

“ते आमचं आपसातलं आहे,” साहेब म्हणाले. “एक स्टिप्युलेशन होतं. असं लोकांत सांगण्यासारखं नाही.”

“साहेब,” मी म्हटलं, “मी मॅडमले विचारलं. करारातली अट दोघांनी मानली अन् उघडी सांगितली, तर तिले स्टिप्युलेशन म्हणतात. लपवली त तिचं नाव दुसरं हाये. सांगू का दुसरं नाव?”

“ज्याची अट, त्याच्या तोंडून!” बायकांच्या बाजूनं आवाज आला. मग दुसरा, मग पुरुषांतूनही. साहेबांनी मिलिंदकडं पाहिलं. मिलिंद गोंधळून त्यांच्याकडंच पाहत होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

“मुलीच्या वडिलांनी रिसेप्शनला त्रास घेऊ नये,” साहेब म्हणाले, “एवढंच.”

“आँ?” दादाजींनी कानामागं हात धरला. “मोठ्यानं बोल न बापू.”

“रिसेप्शनला येऊ नये!”

“काहून? बिमार हाये का तो?”

“नाही.”

“मंग काहून?”

साहेबांनी रुमाल काढला. काहीतरी पुटपुटले.

“मोठ्यानं.”

“चेहरा!” साहेब ओरडले. “चेहरा बरा दिसत नाही त्यांचा!”

 पुरुषांच्या बाजूला बसलेले बहुतेक सगळे मिलमधलेच होते. कुणाचं बोट गेलेलं, कुणाच्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग, कुणाची भुवई जळलेली. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. सगळ्यांनी साहेबांकडं पाहिलं. त्या नजरांखाली साहेबांचं जे झालं, ते मी पोटभर बघून घेतलं. दया आली का? नाही आली. आजही आठवून बघते, येत नाही.

“जाऊ द्या न,” बाबा हळूच म्हणाले. “माही तशीबी सेकंड शिफ्ट होती.”

हे ऐकलं आणि ताई उठली. बायकांमधून वाट काढत ती बाबांजवळ आली, त्यांच्या शेजारी बसली, भिंतीच्या बाजूला, जिथं कधीच कुणी बसत नसे.

“ह्या गालाची पट्टी मी बदलली हाये,” ती म्हणाली. “आता आमचा उलट बोल. पहिला माहा. नोकरी मी सोडत नाही. मिलिंद, मंजूर?”

“मंजूर,” मिलिंद म्हणाला. तो विचार करायला थांबला नाही.

“दुसरा करुणा सांगन. तुले माहीत होतं न व पोट्टे? तूच सांग. माह्यानं बोलवत नाही आता.”

सगळ्यांना वाटलं, मी म्हणेन की साहेबांनी लग्नाला येऊ नये. बायकांतून कुणी तसं सुचवलंही. पण तेवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं. न येणाऱ्याला काय, तो घरी बसून पंखा लावून झोपेल. मी शब्द आधीच जुळवून ठेवले होते.

“बाबा रिसेप्शनले येतीन,” मी म्हटलं. “साहेबाइनं स्वतः फाटकात उभं राहून त्यांले आत घ्यावं. अन् जो जो पाहुणा येईन, त्याच्यापुढं बाबाचा हात धरून न्यावं अन् सांगावं, हे नवरीचे वडील, मिलमधी भट्टीवर काम करतात. एकही माणूस सुटला नाही पाहिजे.”

“मंजूर का रे बाळ्या?” दादाजींनी विचारलं.

साहेबांनी दाराकडं पाहिलं. पत्रिका त्यांनी केव्हाच वाटल्या होत्या, त्यांच्या सीनिअर्सच्या घरोघरी जाऊन. मिलिंद त्यांच्याजवळ जाऊन म्हणाला, “मोठेबाबा, हो म्हणा. नाहीतर तुमच्या बंगल्यात नवरा-नवरी नसतील, फक्त पाहुणे असतील.”

“मंजूर,” साहेब म्हणाले.

“आँ?”

“मंजूर! मंजूर!”

“उचला गा शरबत,” दादाजी म्हणाले. ते कोमट झालं होतं आणि माझ्या ग्लासात मुंगी होती. त्याच्याइतकं गोड मी नंतर काही प्यायलेलं नाही.

मॅडमनी शब्दाचा जो अर्थ सांगितला होता तो मी त्या संध्याकाळी बाबांना सांगितला. ते माझ्यावर रागावले होते, तरी त्यांनी ऐकून घेतला, आणि सायकलचं कुलूप लावताना तो शब्द दोन-तीनदा जिभेवर घोळवला. मग म्हणाले, “मले नाई जायचं त्या बंगल्यावर. तमाशा होते पोट्टे, आपलाच.” रिसेप्शनच्या दिवशी सकाळपर्यंत ते नाहीच म्हणत होते.  गोल बाजारातून आणलेला नवा शर्ट आईनं इस्त्री करून खाटेवर ठेवला आणि आरसा पुसून जागेवर टांगला. बाबा बराच वेळ त्या आरशापुढं उभे राहिले. मग त्यांनी उजव्या गालाला साबण लावला.

शंकर नगरच्या त्या बंगल्यावर लाइटांच्या माळा होत्या, शहनाईची कॅसेट लावली होती आणि लॉनवर पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या. साहेब फाटकात उभे होते. उभं राहावंच लागलं. आमच्या पाऱ्यातली सगळी मंडळी बाबांच्या मागं चालत आली होती आणि मध्ये, दोघांच्या खांद्यावर हात टाकून, दादाजी. साहेबांनी बाबांचा हात धरला तेव्हा त्यांनी तो जसा धरला, तसा माणूस तापलेलं भांडं धरतो. पहिली गाडी आली. “मीट द ब्राइड्स फादर,” साहेब म्हणाले. मी मागून खाकरले. “ही वर्क्स अॅट द फर्नेस,” त्यांनी पुढचं जोडलं, “इन अ रोलिंग मिल.” काही पाहुण्यांनी नजर खाली घातली, एका बाईनं बाबांना अगदी मनापासून नमस्कार केला, कुणी आधी हात पुढं केला आणि मग चेहरा पाहून क्षणभर थांबून मग हात हलवला. बाबांच्या कपाळावर घाम होता. मला पहिल्यांदा भीती वाटली की मी त्यांचाच बळी दिला की काय. ते सवयीनं फाटकाच्या खांबाकडं डावी बाजू करून उभे होते.

मग गुलाबजामची परात निघायच्या सुमारास मी पाहिलं, बाबा खांबापासून दूर सरकले होते. त्यांनी साहेबांचा दुसरा हात धरला होता. त्यामुळं आता त्यांचा डावा गाल सरळ पाहुण्यांसमोर, आणि बरोबर लाइटांच्या माळेखाली येत होता. ताईनं स्टेजवरून मला खूण केली, बघ म्हणून. मी बघतच होते. बाबा आता पाहुण्यांना स्वतःहून विचारत होते, “जेवले का? कढी घ्या, आमच्याकडची हाये.” साहेबांचा आवाज मात्र बसत चालला होता. मीट द ब्राइड्स फादर. मीट द ब्राइड्स फादर.

मोठ्या गाड्या निघून गेल्या, लॉन रिकामं झालं, तेव्हा साहेब एका खुर्चीवर धपकन बसले. टाय सैल केला, डोळे मिटले. मला वाटलं संपलं. माझं पोट भरलं होतं, खरं तर थोडं जास्तच. बाबा त्यांच्याजवळ गेले. वाकले. आमच्या पुढच्या खोलीत ते ज्या मऊ आवाजात ‘हव, साहेब’ म्हणाले होते, अगदी त्याच आवाजात म्हणाले, “साहेब, उठा न.”

साहेबांनी डोळे उघडले. “झाले ना सगळे?”

“नाई न. मागं आचारी राहिले. भांडे घासणाऱ्या बाया राहिल्या. फाटकावरचा चौकीदार बी राहिला.”

साहेबांनी आधी माझ्याकडं पाहिलं, जणू हे माझंच कारस्थान असावं. पण मी तर काहीच बोलले नव्हते. बाबांनी हात पुढं केला आणि तो शब्द, विहिरीवर ज्याचा अर्थ त्यांनी मला विचारला होता तो, एकही अक्षर न अडखळता म्हटला.

“स्टिप्युलेशन हाये न आपलं, साहेब. चला.”